मोफत, सर्वांसाठी खुले गेम-महोत्सव: गेममधली गोष्ट गर्दीत पोचते का?

कळफलक

नमस्कार,

व्हिडिओ गेमकडे कला म्हणून, गोष्ट सांगण्याची एक रीत म्हणून बघायला लावणारे खुले कार्यक्रम आता संग्रहालयांत, ग्रंथालयांत, विद्यापीठांच्या सभागृहांत होऊ लागले आहेत. तिकीट नसतं. दारातून आत या, रिकामी खुर्ची दिसली की बसा, खेळा. खेळायचं नसेल तर मागे उभं राहून बघा. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि त्यावर इथे सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या कार्यक्रमांचं मोफत असणं हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. गेम ही कला अशी आहे की तिच्या उंबरठ्यावरच अडथळे फार. आधी यंत्र हवं, मग गेम हवा, आणि दोन्ही असलं तरी कंट्रोलरवरचं कुठलं बटण कशासाठी हे हातांना माहीत हवं. चित्रासमोर कुणीही उभं राहू शकतं. गेमसमोर बसलेला नवखा माणूस मात्र पहिल्याच मिनिटाला खड्ड्यात पडतो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून उठतो. प्रवेशशुल्क लावलं की हा माणूस दारातूनच परत जातो. जे आपलं नाही असं वाटतं त्यासाठी तो पैसे कशाला मोजेल? मग आत उरतात ते आधीपासूनचे खेळाडू, आणि गेम ही कला आहे हे त्यांना पटवायची गरजच नसते.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. गेम म्हणजे घरात एकट्याने बसून करायची गोष्ट असं आपण धरून चालतो, पण तिची सुरुवात खुल्या प्रदर्शनांत झाली. १९५० साली टोरोंटोच्या कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनमध्ये जोसेफ केट्स यांचं 'बर्टी द ब्रेन' हे सुमारे चार मीटर उंचीचं यंत्र येणाऱ्या-जाणाऱ्यांशी फुली-गोळा खेळत होतं. पुढच्याच वर्षी फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये फेरांटी कंपनीचा 'निम्रॉड' संगणक लोकांशी निम (ढिगांतून आळीपाळीने वस्तू उचलायचा खेळ) खेळला. आणि माझं सर्वांत आवडतं उदाहरण 'टेनिस फॉर टू'. ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा वर्षातले काही दिवस पाहुण्यांसाठी खुली असे. नुसते तक्ते आणि स्थिर मांडणी बघून लोक कंटाळतात हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांच्या लक्षात आलं होतं. ऑक्टोबर १९५८मध्ये त्यांनी ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पाच इंची पडद्यावर दोघांनी खेळायचा टेनिस मांडला. रांगा लागल्या. १९५९मध्ये मोठा पडदा आला, आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर चेंडू कसा उडेल हेही खेळून बघता येऊ लागलं. त्यानंतर यंत्र सुटं करून त्याचे भाग दुसऱ्या कामांना वापरले गेले. त्यात विकण्याचा विचारच नव्हता. लोकांनी यावं आणि हाताळून बघावं एवढ्यासाठी तो खेळ जन्माला आला.

म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने मार्च ते सप्टेंबर २०१२ या काळात 'द आर्ट ऑफ व्हिडिओ गेम्स' हे प्रदर्शन विनामूल्य भरवलं, तेव्हा गेम आपल्या मूळ जागी परतले असं मला वाटलं. २४० गेममधून ८० निवडायचं काम त्यांनी लोकांवरच सोपवलं होतं. १७५ देशांतल्या १ लाख १९ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ३७ लाखांच्या आसपास मतं दिली. पण प्रत्यक्ष खेळता येतील असे गेम ठेवले पाचच: पॅक-मॅन, सुपर मारिओ ब्रदर्स, द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड, मिस्ट आणि फ्लॉवर. पुढे त्याच संग्रहालयाने 'सॅम आर्केड' नावाचा मोफत कार्यक्रम सुरू केला. तिथे स्वतंत्रपणे काम करणारे निर्माते आपले गेम घेऊन येतात आणि समोर बसलेल्याला खेळताना बघतात.

आता खरा प्रश्न. गोंगाट आहे, मागे माणसं उभी आहेत, हातात पाच-दहा मिनिटं आहेत. अशा वेळी गेममधली *गोष्ट* पोचते का? की पोचतो तो नुसता खेळ? तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील.

---

रानवाट

लेख आवडला, पण मी या विषयात पूर्ण बाहेरचा आहे आणि शंका मांडतो आहे.

संग्रहालयात ठेवलं म्हणून एखादी वस्तू कला होते का? रॉजर ईबर्ट या चित्रपट समीक्षकाने २०१०मध्ये 'व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत' असं लिहिलं होतं. त्याचा एक मुद्दा मला अजून सुटलेला नाही. कलेत कर्ता तुम्हाला कुठे न्यायचं ते ठरवतो. गेममध्ये नियम असतात, गुण असतात, जिंकणं असतं. ज्याचा शेवट माझ्या कौशल्यावर अवलंबून आहे ती लेखकाची गोष्ट कशी?

---

कळफलक

रानवाट, शंका अगदी योग्य जागी आहे. ईबर्ट यांनी त्याच वर्षी जुलैत पुन्हा लिहिलं. मत बदललं नाही, पण गेमचा पुरेसा अनुभव नसताना आपण ते लिहायला नको होतं हे मान्य केलं. एवढा मोठा समीक्षक खेळून न बघता निकाल देऊ शकला, यातच अशा कार्यक्रमांची गरज दिसते. तो लेख ज्यांच्या भाषणाला उत्तर म्हणून आला त्या केली सँटियागो 'फ्लॉवर'च्या निर्मात्यांपैकी एक. २०१३मध्ये स्मिथसोनियनने 'फ्लॉवर' आपल्या कायमच्या संग्रहात घेतला.

जिंकण्याबद्दल: बऱ्याच कथाप्रधान गेममध्ये जिंकणं नसतंच. तुम्ही काय करता यातून तुम्हाला काय *कळतं*, एवढंच असतं. याचं उदाहरण दुसऱ्या कुणी दिलं तर जास्त आवडेल, कारण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही.

---

अर्धविराम

उदाहरण मी देतो, आणि त्याच उदाहरणाने कळफलक यांच्याशी थोडं भांडतोही.

'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' (२०१७). एका कुटुंबातल्या माणसांच्या मृत्यूंच्या गोष्टी. त्यात लुईस नावाचा तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करतो. एका अंगठ्याने मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, डोकं उडालं की पुढे सरकवायचा. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दुसऱ्या अंगठ्याने त्याच्या मनातल्या कल्पनेच्या राज्यात चालायचं. हळूहळू ते राज्य पडद्यावर पसरत जातं, कारखाना झाकला जातो, आणि तुमचा पहिला हात मासे कापतच राहतो. तुम्ही तिकडे बघतसुद्धा नाही. काम यंत्रवत करता करता माणूस आतून निघून कसा जातो हे लुईसबद्दल तुम्हाला कुणी *सांगत* नाही, ते तुमच्याच दोन हातांना होतं. रानवाट, लेखकाचा ताबा इथे पूर्ण आहे. फक्त तो शब्दांऐवजी तुमच्या बोटांवर चालतो.

आता भांडण. हा प्रसंग मागे उभं राहून बघणाऱ्याला मिळत नाही. त्याला दिसतो एक माणूस मासे कापताना आणि एक रंगीत राज्य. आणि हा प्रसंग एवढा भिडतो कारण त्याआधी तासभर तुम्ही त्या घरात फिरलेले असता. पूर्ण गेम सुमारे दोन तासांचा. कथाप्रधान गेममध्ये हा *छोटा* समजला जातो. खुल्या कार्यक्रमात दोन तास खुर्ची अडवून बसायला कोण देईल? त्यामुळे अशा ठिकाणी जो गेम पटकन कळतो, चमकतो, हसवतो तोच पुढे येतो, आणि 'कथा' हा शब्द फलकावरच राहतो असं माझं मत आहे.

---

सांजवेळ

अर्धविराम +१. ईडिथ फिंचबद्दल इतकं नेमकं मराठीत पहिल्यांदाच वाचलं.

---

कळफलक

अर्धविराम, तुमचं वर्णन वाचून तो प्रसंग पुन्हा खेळावासा वाटला. आणि तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे: लांब गेमचा तुकडा कापून ठेवला तर तो बहुतेक वेळा मरतो. पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. कार्यक्रमासाठी गेम निवडताना पूर्ण होऊ शकतील असे निवडा.

'पॅसेज' घ्या. जेसन रोरर, २००७. एका आयुष्याची पाच मिनिटं. खिडकी १०० बाय १६ पिक्सेलची, म्हणजे एक आडवी पट्टीच. डावीकडून उजवीकडे चालायचं. वाटेत एक जोडीदार भेटते. तिला सोबत घेतलं तर पुढचा प्रवास दोघांचा, पण मग अरुंद फटींतून जाता येत नाही आणि तिथल्या पेट्या सुटतात. एकट्याने गेलात तर सगळीकडे शिरता येतं. चालता चालता पात्रं म्हातारी होतात. आधी पुढचं भविष्य पट्टीच्या उजव्या टोकाला धूसर दिसत असतं, शेवटी शेवटी मागचा भूतकाळ डाव्या टोकाला दाटलेला असतो. मग जोडीदार जाते. तुमच्या पात्राचा चालण्याचा वेग कमी होतो. मग तुम्हीही जाता. पाच मिनिटांत सगळं. एक शब्द नाही.

आणि हा गेम मुळात बनला तो एका कार्यक्रमासाठी! माँट्रियलच्या कोकोरोमी गटाने 'गॅमा २५६' भरवलं, तिथे अट होती की चित्र २५६ बाय २५६ पिक्सेलच्या आत हवं. त्या अटीतून रोरर यांना ती पट्टी सुचली. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने, म्हणजे मोमाने, २०१२मध्ये पहिले १४ गेम संग्रहात घेतले त्यांत 'पॅसेज' होता. कार्यक्रम कथेला मारतो म्हणता, इथे तर कार्यक्रमाच्या चौकटीनेच कथेला आकार दिला.

---

जुना_खेळाडू

मोमाचं नाव निघालं म्हणून थोडी भर.

त्या १४ गेममध्ये टेट्रिस, मिस्ट, सिमसिटी २०००, पोर्टल वगैरे होते आणि 'ईव्ह ऑनलाइन'ही होता. हजारो माणसं एकाच अवकाशात व्यापार, युद्ध, विश्वासघात करतात तो हा गेम. तो दालनात खेळायला ठेवून काय उपयोग? नवा माणूस दहा मिनिटांत एक जहाजसुद्धा धड चालवू शकणार नाही. म्हणून त्यांनी २०१३च्या प्रदर्शनात खेळाडूंच्या एका दिवसाच्या नोंदींवरून केलेली चित्रफीत दाखवली. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. प्रत्येक गेम हातात द्यायलाच हवा असा हट्ट नको. मोमाच्या क्युरेटर पाओला अँटोनेली यांनी निवडीसाठी वर्तन, सौंदर्य, अवकाश आणि काळ हे निकष ठेवले होते. त्यातलं 'वर्तन' कधीकधी बघूनच जास्त कळतं.

दुसरं म्हणजे जतन. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पैसे हातात घेऊन उभे राहिलात तरी नाही. म्हणजे जुने गेम कायदेशीर मार्गाने भेटण्याची जागा अनेकदा संग्रहालय किंवा ग्रंथालय एवढीच उरते. फ्रान्समध्ये १९९२च्या कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पुस्तकांप्रमाणे गेमची प्रतही जमा करावी लागते. मला ही व्यवस्था सगळ्या देशांत हवी आहे. आणि जमा करून कपाटात ठेवू नका, वर्षातून काही दिवस तरी जुन्या यंत्रांवर, जुन्या जाड काचेच्या पडद्यांवर लोकांना खेळू द्या. जुनी पिक्सेलची चित्रं त्या पडद्यांसाठी काढलेली असत. सपाट पडद्यावर त्यांच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

---

मुक्ताई

मी अशा कार्यक्रमांत स्वयंसेवक म्हणून उभी राहिले आहे. अर्धविराम आणि कळफलक दोघांनाही एक गोष्ट सांगाविशी वाटते: कथा पोचते की नाही हे गेमइतकंच शेजारी उभ्या असलेल्या माणसावर ठरतं.

पहिला नियम, पाहुण्याच्या हातातून कंट्रोलर कधीही घेऊ नये. 'थांबा, मी दाखवते' म्हटलं की तो माणूस संपला. तो सौजन्याने बघतो, मान डोलावतो आणि निघून जातो. त्याला अडखळू द्यायचं. फार तर 'डावा अंगठा चालण्यासाठी, उजवा बघण्यासाठी' एवढंच. हे डावं-उजवं एकाच वेळी करणं नवख्याला प्रचंड जड जातं. आपण लहानपणापासून खेळणारे ते विसरून जातो. त्यामुळे दोन अंगठ्यांचे गेम दारापाशी ठेवू नयेत. दारापाशी स्पर्शाने चालणारं काहीतरी हवं.

यासाठी 'फ्लोरेन्स' (२०१८) मला फार आवडतो. पहिल्या प्रेमाची गोष्ट, अर्ध्या-पाऊण तासात संपणारी, जवळजवळ निःशब्द. पहिल्या भेटीत फ्लोरेन्सचं प्रत्येक वाक्य म्हणजे बरेच तुकडे जोडून करायचं कोडं असतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, शेवटी एकच तुकडा उरतो. बोलणं सोपं झालं! मग भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. हे कळायला गेम येण्याची काहीच गरज नाही. सत्तरीच्या आजी त्यासमोर बसून उठेनात, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या लोकांना घाई करावी असं कुणालाच वाटलं नाही. अर्धविराम, मागे उभ्या असलेल्यांनाही ती गोष्ट कळत होती, कारण ते आजींचा चेहरा बघत होते.

---

अर्धविराम

मुक्ताई, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता: मागचे लोक पडदा नाही, खेळणाऱ्याला बघतात. तरीही माझी लांब गेमची तक्रार कायम आहे. दहा-वीस तासांच्या गोष्टी या कार्यक्रमांतून वगळल्या जातात आणि लोकांना वाटतं गेममधली कथा म्हणजे गोड, छोटी, निःशब्द काहीतरी. हे कादंबरीचा महोत्सव भरवून फक्त चारोळ्या वाचण्यासारखं आहे.

---

टिंब

पडद्याचा विषय निघालाच आहे तर पडदा *नसलेला* गेमही सांगतो. 'योहान सेबास्टियन जाउस्ट'. २०११च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे थोड्या वेळात एकत्र बसून गेम बनवायच्या मेळाव्यात, जन्मलेला. प्रत्येकाच्या हातात वर दिवा असलेला एक हालचाल-संवेदक कंट्रोलर. बाख यांचं संगीत वाजतं. संगीत संथ असेल तेव्हा तुमचा कंट्रोलर जरा जरी हलला तरी तुम्ही बाद. वेगाने वाजलं की थोडी मोकळीक. आपला सांभाळायचा, दुसऱ्याचा हलवायचा. माणसं नर्तकांसारखी हळूहळू एकमेकांभोवती फिरतात आणि अचानक झडप घालतात. बघणाऱ्यांचं मोठं रिंगण जमतं.

यात लिहिलेली गोष्ट नाही हे मान्य. पण प्रत्येक डावात एक गोष्ट घडते आणि ती रिंगणातल्या सगळ्यांना कळते. रॉबिन बाउमगार्टेन यांचा 'लाइन वॉब्लर'ही असाच. पडदा म्हणजे दिव्यांची एक लांब पट्टी, कंट्रोलर म्हणजे दाराला लावतात तशी स्प्रिंग. लहान मूलही धावत येऊन ती स्प्रिंग वाकवतं. खुल्या जागेत हे गेम दारातून माणसं आत ओढतात. आत आल्यावर कळफलक यांचा 'पॅसेज' आणि मुक्ताईंचा 'फ्लोरेन्स' आहेच.

---

रानवाट

वाचतो आहे. 'पॅसेज' खेळून बघितला. पहिल्यांदा जोडीदाराला टाळून पुढे गेलो, कारण पेट्या गोळा करायच्या असतील असं वाटलं. दुसऱ्यांदा तिला घेतलं. ती गेली त्या क्षणी मी खुर्चीत सरळ बसलो. मग हात आपोआप सावकाश चालवू लागलो, जणू घाई केली तर शेवट लवकर येईल.

ईबर्टचा मुद्दा पूर्ण सुटला असं म्हणणार नाही. पण 'जिंकणं' नावाची गोष्ट तिथे नव्हती हे खरं. गुण दिसत होते आणि त्यांचं काही वाटत नव्हतं. हेच सांगायचं होतं ना रोररला?

---

कळफलक

रानवाट, हो. तेच. तुम्ही खेळून बघितलंत याचा किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही.

---

सांजवेळ

मी पालक म्हणून विचारते आहे. सर्वांसाठी खुलं म्हणजे लहान मुलंही आली. मग गंभीर विषयांचं काय करायचं? युद्ध, मृत्यू, नैराश्य हे विषय असलेले गेम मला महत्त्वाचे वाटतात, पण सात वर्षांचं मूल शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असताना नाही.

'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) मी स्वतः खेळले आहे. सारायेव्होच्या वेढ्यावरून प्रेरणा घेतलेला, सैनिकांऐवजी वेढ्यात अडकलेल्या सामान्य माणसांचा. दिवसा गोळीबारामुळे घरात बसून राहायचं, रात्री अन्न-औषधं शोधायला बाहेर पडायचं. एका घरात म्हातारं जोडपं आहे, त्यांच्याकडे औषध आहे. घ्यायचं की नाही? घेतलं तर तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही. आजारी म्हणून नाही, मनाने. पोलंडने २०२०मध्ये हा गेम शालेय वाचनाच्या यादीत घेतला आणि विद्यार्थ्यांना मोफत उपलब्ध करून दिला, पण तिथेही १८ वर्षांवरच्यांसाठीच. मोफत आणि सार्वजनिक याचा हा अर्थ मला सर्वांत जास्त भावतो: सरकारने एका गेमला पुस्तकाच्या शेजारी बसवलं.

---

मुक्ताई

सांजवेळ, याला साधा उपाय आहे. वेगळी खोली किंवा निदान भिंतीकडे पाठ केलेल्या खुर्च्या, म्हणजे पडद्याचं तोंड भिंतीकडे राहतं आणि बाकीच्यांना त्याची फक्त मागची बाजू दिसते. दाराशी ठळक पाटी आणि तिथे एक माणूस. संध्याकाळचा शेवटचा दीड-दोन तास फक्त मोठ्यांसाठी ठेवणं हेही चांगलं चालतं. अर्धविराम यांच्या लांब गेमसाठीही तीच वेळ योग्य आहे. गर्दी ओसरलेली असते.

मुलांसोबत खेळायला 'नेव्हर अलोन' (२०१४) जरूर ठेवा. अलास्कातल्या इन्युपियाक समाजातल्या ज्येष्ठांनी, कथाकारांनी निर्मात्यांसोबत बसून घडवलेला गेम. नूना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा न संपणाऱ्या हिमवादळाचं मूळ शोधायला निघतात. निवेदन इन्युपियाक भाषेत. मूळ कथा ज्या कथाकारांची, त्यांच्या मुलीकडून रीतसर परवानगी घेऊन ती वापरली आहे. गेममध्येच छोटे माहितीपट आहेत, त्यांत समाजातली माणसं स्वतः बोलतात. दोन कंट्रोलरवर दोघांनी खेळता येतो: आईने नूना व्हायचं, मुलाने कोल्हा. मौखिक परंपरेतली गोष्ट चारचौघांत बसून ऐकायची असते, आणि हा गेम चारचौघांतच खुलतो. मोमाने २०२२मध्ये आपल्या गेमच्या प्रदर्शनाला यावरूनच नाव दिलं.

---

चौकट

मी छोटे गेम बनवतो. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडं लिहितो.

प्रदर्शनासाठी गेमची वेगळी आवृत्ती करावी लागते हे बऱ्याच आयोजकांना माहीत नसतं. लोक मध्येच उठून जातात. पुढचा माणूस बसतो तेव्हा गोष्ट अर्ध्यावर असते आणि त्याला काहीच उमगत नाही. म्हणून ठरावीक वेळ कुणी काही दाबलं नाही की गेम आपोआप पहिल्या पडद्यावर परत यायला हवा. बाहेर पडायचं बटण काढून टाकायचं. जुन्या आर्केड यंत्रांत नाणं टाकेपर्यंत गेम स्वतःच खेळून दाखवत असे, तशी खुर्ची रिकामी असताना पडद्यावर काहीतरी घडत राहावं. मजकूर मोठा हवा, कारण मागच्यांनाही वाचायचा असतो. आणि आवाज! कथेचा निम्मा भाव आवाजात असतो आणि सभागृहात तो ऐकूच येत नाही. पूर्ण कान झाकणारे हेडफोन द्या, शक्य असेल तर दोन जोड, एक खेळणाऱ्याला आणि एक सोबत आलेल्याला.

ज्यांचे हात नेहमीच्या कंट्रोलरवर चालत नाहीत त्यांचाही विचार व्हावा. २०१८मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरला मागे १९ जोडण्या आहेत. पायाने, कोपराने, हनुवटीने दाबता येतील अशी बटणं लावता येतात. असा एक संच तरी असावा. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी 'द वेल: शॅडो ऑफ द क्राउन' (२०२१) हा केवळ ध्वनीवर चालणारा गेम आहे. डोळस माणसांनीही तो खेळून बघावा, आजूबाजूचा आवाज कुठल्या दिशेने येतो याकडे आपण किती कमी लक्ष देतो ते कळतं.

आम्हा बनवणाऱ्यांना या कार्यक्रमांतून काय मिळतं म्हणाल तर समोर बसलेल्या अनोळखी माणसाचा चेहरा. तो कुठे थबकला, कुठे हसला, कुठे कंटाळून घड्याळ बघितलं. ऑनलाइन अभिप्रायात हे कधीच येत नाही. तिकीट काढून आलेला खेळाडू सवयीने बरोबर खेळतो. मोफत म्हणून सहज आत आलेला माणूस मी कधी कल्पनाही न केलेल्या गोष्टी करतो आणि त्यातून माझी गोष्ट सुधारते.

---

सांजवेळ

चौकट, फार उपयोगी. आम्ही काही जण मिळून ग्रंथालयाच्या हॉलमध्ये असा एक दिवस करायचं बघतोय. यंत्रं चार-पाचच असतील. काय ठेवावं? आणि परवानगीचं कसं असतं?

---

कळफलक

वा! मी असं मांडेन. दाराशी टॅबलेटवर 'फ्लोरेन्स'. मोठ्या पडद्यावर, समोर भरपूर खुर्च्या टाकून 'नेव्हर अलोन', म्हणजे दोघं खेळतील आणि बाकीचे ऐकतील. एका शांत कोपऱ्यात साध्या संगणकावर 'पॅसेज'. संध्याकाळी मोठ्यांसाठी 'ईडिथ फिंच' अथपासून इतिपर्यंत: एकाने खेळायचं, बाकीच्यांनी सोबत बसायचं, आणि कारखान्याचा प्रसंग आला की कंट्रोलर ज्याने कधीच धरलेला नाही त्याच्या हातात द्यायचा. अर्धविराम, हे चालेल का सांगा.

पाचव्या टेबलावर गेम ठेवू नका. तिथे 'ट्वाइन' उघडून ठेवा. मोफत साधन आहे, प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. एक परिच्छेद लिहायचा, त्यातल्या दोन शब्दांना दोन वाटा जोडायच्या, प्रत्येक वाटेवर पुढचा परिच्छेद. येणाऱ्या प्रत्येकाने आधीच्याच्या गोष्टीला एक फांदी जोडायची. खेळणारे तिथे लिहिणारे होतात.

परवानगी: 'पॅसेज' रोरर यांनी सार्वजनिक मालकीत दिलेला आहे, प्रश्नच नाही. बाकीच्यांसाठी हक्कधारकांना आधी लिहून विचारा. विकत घेतलेली प्रत घरी खेळण्यासाठी असते. ती सार्वजनिक ठिकाणी दाखवायची तर संमती घ्यावी. कार्यक्रम मोफत आहे, ग्रंथालयात आहे आणि कशासाठी आहे हे पहिल्याच ओळीत लिहा.

---

अर्धविराम

चालेल. पण कंट्रोलर त्याच प्रसंगात नवख्याला देऊ नका. दोन हातांची दोन कामं त्याला झेपणार नाहीत आणि तो अपयशाने लाजेल. मुक्ताईंनी वर लिहिलंय तेच. त्याला सुरुवातीचा घरात शिरण्याचा भाग द्या, तिथे नुसतं चालायचं आहे आणि पडद्यावर उमटणारी वाक्यं वाचायची आहेत. कारखान्याचा प्रसंग खेळणाऱ्याने आधी न खेळलेला असावा, मात्र कंट्रोलरची सवय असावी. आणि तो चालू असताना कुणीही बोलायचं नाही. बाकी, लांब गेमला पूर्ण संध्याकाळ देताय, तर माझी तक्रार मी तिथे येऊन मागे घ्यायची की नाही ते ठरवेन.

---

चौकट

सांजवेळ, ट्वाइनच्या टेबलासाठी एक सूचना. दिवसभरात फांद्या इतक्या वाढतील की नवीन माणसाला कुठे लिहायचं ते सापडणार नाही. दर तासाला फाइलची प्रत वेगळ्या नावाने जतन करा आणि शेजारच्या भिंतीवर कागद लावून फांद्यांचा नकाशा हाताने काढत जा. जिथे वाट संपते तिथे लाल ठिपका. लोक आधी नकाशासमोर उभे राहतील, ठिपका निवडतील आणि मग लिहायला बसतील.